काकूंचे पेकन, वन्संचं नाक

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात बिस्किटं भाजताना कुणी घड्याळाकडे बघत नाही, हा त्या गल्लीत बरीच वर्षं चेष्टेचा विषय होता. काकांचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. भिंतभर घड्याळं, काचेच्या कपाटात घड्याळं, आणि दुरुस्त होऊनही न्यायला कुणी न आलेल्या घड्याळांचं खोकं वेगळं. मधलं दार ढकलून आत गेलं की स्वयंपाकघर. तिथे काकूंचा ओव्हन होता, पण भिंतीवर घड्याळ नव्हतं. लग्नानंतर काकांनी हौसेनं एक लावून दिलं होतं. वाफेनं त्याच्या काचेत पाणी धरलं, काकांनी ते पुसायला म्हणून उतरवलं, आणि ते परत लावायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

"अगं, बाहेर एवढी घड्याळं आहेत, एखाद्याकडे नजर टाकली तर बिघडेल का?" काका विचारायचे.

"तुमची घड्याळं एकमेकांशी तरी जुळतात का? आधी त्यांचं ठरू दे, मग मी बघते."

बिस्किटवाल्या काकू म्हणूनच सगळे त्यांना ओळखत. बिस्किट एकाच प्रकारचं: पानासारखं पातळ, कडेला तपकिरी, मोडताना टचकन आवाज करणारं, आणि अंगभर पेकनचे बारीक तुकडे. पेकन म्हणजे अक्रोडाचा चुलतभाऊच. फक्त अंगानं लांबट, कवचानं गुळगुळीत, आणि जीभ आकसवणारा अक्रोडाचा तुरटपणा त्याच्यात नाही. काकू लोणी आणि तपकिरी साखर फेटून घेत, मैदा, चिमूटभर मीठ आणि चिरलेले पेकन घालून मऊ गोळा करत, त्याची हातभर वळकटी वळून कागदात गुंडाळत आणि फ्रिजमध्ये ठेवून देत. वळकटी लाकडासारखी घट्ट झाली की गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीनं तिच्या चकत्या. पेकनचा तुकडा मोठा राहिला तर सुरी तिथे अडते आणि चकती फाटते, म्हणून चिरण्यातच निम्मा वेळ जाई. उरलेले पेकन साखरेच्या पाकात घोळवून त्या कोरडे करत, आणि कुणी खास सांगितलं तर मैद्याच्या खुसखुशीत वाट्यांत पेकन भरून टार्टही करत.

भाजायचं मात्र सगळं नाकावर. ट्रे आत सरकवला की काकू ओव्हनकडे पाठ करून भांडी घासायला उभ्या राहत. आधी लोण्याचा वास येई, मग साखर तापल्याचा. त्यानंतर थोडी शांतता असते, असं त्या म्हणत, वासाची शांतता. आणि मग पेकनचा वास साखरेच्या वर चढतो. तो चढला की हातातलं भांडं तसंच टाकून ट्रे बाहेर काढायचा. इतक्या पातळ बिस्किटाला त्यापुढे सवड नसते. फेस झटकेपर्यंत ते करपतं.

हा पातळपणा आला कुठून, तर वन्संकडून. वन्सं म्हणजे काकांची थोरली बहीण. तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. टेबलावर आलेला शर्ट उलटसुलट करायचा, सुटलेला टाका, तिरकं बटण, वाकडी कॉलर शोधायची आणि तो बाजूला फेकायचा, हे त्यांनी नोकरीभर केलं. चुका काढायचा पगार मिळत होता आणि सुट्टीच्या दिवशी त्या हेच काम फुकट करत. काकूंनी नव्या नवलाईत पहिल्यांदा बिस्किटं केली तेव्हा वन्संनी एक उचललं, दातांनी चावायचा प्रयत्न केला आणि बशीत ठेवून दिलं. "वहिनी, हे खायचं आहे की न्हाणीघरात फरशी म्हणून बसवायचं?"

काकू तेव्हा आत जाऊन रडल्या होत्या. पुढच्या वेळी त्यांनी चकत्या निम्म्या केल्या. वन्सं म्हणाल्या, "आता निदान भाकरीएवढं झालंय." असं करत करत बिस्किट पातळ होत गेलं, आणि शेवटी वन्संना बोलायला काही उरलं नाही तेव्हा त्या म्हणाल्या, "फारच लवकर संपतं बाई." काकूंनी ते कौतुक समजून घेतलं. पण स्वयंपाकघराचं दार वन्संसाठी तेव्हापासून जे लोटलं गेलं ते लोटलेलंच. त्या बाहेर दुकानात भावापाशी बसत, बशी बाहेर जाई, रिकामी होऊन शेऱ्यासकट परत येई.

वर्षं गेली. मुलाचं लग्न झालं. तो नोकरीपायी दूरच्या शहरात, महिन्याकाठी एकदा येणार; सून दातांच्या दवाखान्यात कामाला आणि इथेच राहायला. सून फार चांगली. इतकी चांगली, की काकूंना तिची थोडी धास्तीच वाटे. काकूंचा गुडघा दुखला, तिनं बाजार आपल्याकडे घेतला. काकू स्टुलावर चढताना डगमगल्या, तिनं माळा आपल्याकडे घेतला. एकदा मोठं पातेलं हातातून निसटलं, तर दुसऱ्या दिवसापासून सकाळचा स्वयंपाक तिचा. दर वेळी खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "आई, आता तुम्ही आराम करायचा." तिच्या बोलण्यात खोट नव्हती, त्यामुळे भांडताही येत नसे. घरातली एकेक गोष्ट अशी मायेनं निघून गेली आणि काकूंच्या हातात उरला तो ओव्हन. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाची मालकीण त्यांची बिस्किटं काचेच्या बरणीत ठेवून विकायची. तिथे काकू सून नव्हत्या, सासू नव्हत्या, म्हाताऱ्या नव्हत्या. तिथे लोक विचारत, "आज काकूंची आली का?"

अशात त्यांना सर्दी-ताप झाला. साधाच. ताप उतरला, सर्दी गेली आणि जाताना नाक घेऊन गेली.

पहिले काही दिवस त्यांच्या लक्षातही आलं नाही. तोंडाला चव नाही, हे आजारपणानंतर सगळेच म्हणतात. मग बरं वाटल्यावर त्यांनी वळकटी कापली, ट्रे आत सरकवला आणि नेहमीसारखी पाठ करून भांडी घासायला लागल्या. लोण्याचा वास यायची वाट बघत होत्या. भांडी संपली. आज ओव्हन मंद दिसतोय, असं मनाशी म्हणेपर्यंत डोळे चुरचुरले. वळून बघतात तर काचेमागे धूर.

काळ्या चकत्या त्यांनी कागदात गुंडाळून कचऱ्यात खाली दाबल्या, वर भाज्यांची सालं पसरली आणि खिडकी सताड उघडली. सून दारातून डोकावली. "आई, काही जळतंय का?"

"शेजारी असेल," काकू म्हणाल्या. "त्यांचं नेहमीचंच आहे." शेजारच्या बाईंच्या नावावर हे पाप उगाच गेलं.

गुडघा दाखवायच्या निमित्तानं त्या एकट्याच डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, पण कधी ते सांगता येणार नाही. काहींना येत नाही, तेही सांगून ठेवतो. काकू घरी आल्या आणि गुडघा ठीक आहे म्हणाल्या. यातला एक शब्द जरी बाहेर फुटला तरी पुढचं सगळं त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. खांद्यावर हात येणार, आणि ओव्हन जाणार.

म्हणून त्यांनी काम डोळ्यांवर सोपवलं. ओव्हनची काच घासून लख्ख केली, समोर बुटकं स्टूल मांडलं आणि ट्रे आत असेपर्यंत पापणी लवू द्यायची नाही असं ठरवलं. कडेचा रंग बघून ट्रे काढायचा. चार-दोन ट्रे फिके निघाले, एखादा काळसर, पण हळूहळू जमायला लागलं.

"हल्ली ओव्हनपुढे ध्यान लावून बसतेस," काका म्हणाले.

"गुडघा दुखतो. उभं राहवत नाही. बरं, वास कसा येतोय सांगा बघू."

"झकास!"

काकूंनी ओव्हन अजून पेटवलाही नव्हता. त्यानंतर त्यांनी नवऱ्याच्या नाकाचा नाद सोडला.

दरम्यान मालकीणबाईंनी इस्पितळासमोर दुसरं दुकान काढायचं ठरवलं. उद्घाटनाच्या सकाळी काउंटरवर फक्त काकूंचाच माल असेल, असं त्या म्हणाल्या. पातळ बिस्किटांची खोकी, पाकातले पेकन, टार्ट, सगळं. काकूंनी सुनेकडून डबा भरून पेकन आणवले. उन्हाळा कडक होता. एरवी पेकन फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात असत. पण तिथे वळकट्यांनी जागा अडवली होती, म्हणून डबा ओव्हनशेजारच्या फळीवर गेला आणि कितीतरी दिवस तिथेच राहिला. पेकनमध्ये तेल फार. उकाड्यात ते बिघडतं. काकूंना हे कुणी सांगायची गरज नव्हती, आणि म्हणूनच त्यांची एक जुनी पद्धत होती: डबा उघडला की तळातले मूठभर दाणे काढायचे, तळहातांवर चोळायचे आणि ओंजळ नाकाशी न्यायची. मगच चिरायला घ्यायचे.

ती पद्धत त्यांनी आताही सोडली नव्हती. सोडली असती तर सुनेला शंका आली असती. उद्घाटनाच्या आदल्या सकाळी सून चहा घेत उभी असताना त्यांनी डबा काढला, तळात हात घातला, दाणे चोळले, ओंजळ नाकाशी नेली, डोळे मिटले आणि मान डोलावली. "छान आहेत."

सुनेनं कप खाली ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दिवसभर काकूंचा हात थांबला नाही. संध्याकाळपर्यंत बिस्किटांची खोकी रचून झाली. पाकातले पेकन बशीत चकाकत होते आणि टार्ट जाळीवर निवत होते. काकूंनी एक चकती चाखली. गोड लागली, शेवटी थोडी कडू. रंग जास्त आला असेल, असं त्यांनी मनाचं समाधान केलं. काकांनी एकामागोमाग तीन खाल्ली. सुनेनं अर्धं खाल्लं आणि अर्धं ओढणीच्या टोकात कधी गेलं ते कुणाला दिसलं नाही.

"कशी झालीत?"

"नेहमीसारखी," काका म्हणाले.

"छान, आई," सून म्हणाली आणि पाणी प्यायली.

इतक्यात वन्सं आल्या. उद्या उद्घाटनाला जायचं म्हणून मुक्कामाच्या तयारीनं, पिशवी घेऊन. दुकानात नेहमीच्या खुर्चीत बसल्या. बशी बाहेर गेली. वन्संनी चकती उचलली, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली आणि एक घास घेतला. पुढच्या क्षणी त्यांनी तो हातरुमालात काढला.

"वहिनी!"

काकू दारात आल्या.

"पेकन खवट झालेत."

काका म्हणाले, "ताई, तू पण ना. आल्या आल्या काय सुरू केलंस? मी तीन खाल्ली."

"तू तीन खिळे खाल्ले असतेस तरी झकासच म्हणाला असतास. तुझं काय घेऊन बसायचं?" वन्संनी दुसरी चकती उचलून नाकाशी धरली. "अगं, उग्र वास मारतोय. जुन्या तेलासारखा. वहिनी, तुला वास येत नाही का?"

वन्संच्या दृष्टीनं तो नेहमीचा टोमणा होता. काकूंनी नेहमीप्रमाणे उलट काहीतरी बोलायला हवं होतं. पण त्यांनी चौकट धरली आणि म्हणाल्या, "नाही येत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही येत. त्या तापापासून. काहीच येत नाही."

सून धावत आली, तिनं त्यांना धरून खुर्चीत बसवलं. "आई, मग सांगितलं का नाहीत?"

"तू तरी कुठे सांगितलंस? तुला सकाळीच कळलं होतं ना?"

सुनेचे डोळे भरले. "मला शंका आली होती. पण तुम्ही हातावर चोळून वास घेतलात, मान डोलावलीत. मला वाटलं, माझंच नाक चुकलं असेल. तुमच्यापुढे मी काय सांगणार?" आणि मग जे यायचं ते आलंच, तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे, आई. इतकी वर्षं केलंत. मी मालकीणबाईंना फोन करून सांगते, आई आता आराम करणार म्हणून."

काकू जमिनीकडे बघत राहिल्या. तोंडानं गोड-कडूपलीकडे चव कळत नाही, नाकानं वास कळत नाही, अशा बाईनं लोकांना खाऊ घालायचा हट्ट कशाच्या बळावर धरायचा?

"आराम कसला?" वन्सं फिस्कारल्या. "मी करतेय की आराम. नोकरी सुटल्यापासून दुसरं काय करतेय? सकाळी उठून खिडकीत बसते आणि समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या दोऱ्यांवरच्या कपड्यांच्या शिलाया बघते. काही चांगलं नसतं त्यात." मग भावजयीकडे वळून म्हणाल्या, "ऊठ. व्यापाऱ्याचं दुकान बंद व्हायच्या आत पोचलं पाहिजे. तू पेकन निवडायचे, मी हुंगायचे."

"वन्सं, तुम्ही?"

"का? मला नाक नाही? बोचरं आहे, पण आहे."

सुक्या मेव्याच्या व्यापाऱ्याला ती संध्याकाळ विसरता येणार नाही. काकू दाणा बोटांत मोडून बघत, रंग बघत, आणि पसंत पडला की वन्संपुढे धरत. वन्सं हुंगत आणि पोतं बाद करत. "हे गेल्या वर्षीचं आहे. हे ओल्या जागेत ठेवलंय. हे बरं आहे, पण याच्यावर हिंगाचं पोतं होतं का?"

"बाई, विकत घ्यायचंय की पंचनामा करायचाय?" व्यापारी वैतागून म्हणाला.

"आतलं पोतं दाखवा, म्हणजे पंचनामा नाही करणार."

आतलं पोतं निघालं. वन्संनी ओंजळ नाकाशी नेली आणि पहिल्यांदाच पोतं बाद केलं नाही. काकूंनी विचारलं, "वास कसा आहे?"

"कसा म्हणजे... चांगला आहे."

"चांगला म्हणजे कसा? लोण्यासारखा? लाकडासारखा?"

वन्सं गोंधळल्या. वाईटाचे त्यांच्याकडे शेकडो शब्द होते. चांगल्याला एकच होता. बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "नवीन कपाट उघडल्यासारखा. आत थोडं लोणी ठेवलेलं."

"हेच घ्या," काकू व्यापाऱ्याला म्हणाल्या.

परत येताना काकू नव्या दुकानापाशी थांबल्या. आत रंगाचा वास होता, असं वन्संनी सांगितलं. मालकीणबाई शिडीखाली उभ्या राहून दिव्याच्या जागेवरून कुणाशी तरी वाद घालत होत्या. घरून निघताना सून म्हणाली होती की त्यांना कशाला सांगायचं, माल बदलला की झालं. पण परवा दिलेल्या बरणीतली बिस्किटंही त्याच डब्यातली होती, आणि लोकांनी ती खाल्ली होती. काकूंनी सगळं सांगून टाकलं. नाकाचंही.

मालकीणबाई शिडीपासून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "दोघांनी परत आणून दिली, काकू. मी बरणी आत ठेवून दिली."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्हाला कसं सांगायचं? रागवाल असं वाटलं."

"घ्या," वन्सं म्हणाल्या. "हिला सगळेच जपतात. म्हणून ही वेळ आली."

मालकीणबाईंना हसू आलं, पण लगेच त्या गंभीर झाल्या. "काकू, स्पष्ट बोलते. उद्या पहिल्याच दिवशी कुणी तोंड वाकडं केलं तर मला ते परवडणार नाही. सकाळी पहिल्या खोक्यातलं एक मी खाणार. बरं लागलं तर मांडीन. नाही लागलं तर काउंटर रिकामा ठेवीन आणि पुढे मला दुसरीकडे बघावं लागेल. चालेल?"

"चालेल," काकू म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

घरी येऊन त्यांनी दिवसभराचा सगळा माल मोठ्या पिशवीत रिता केला. काकांनी पिशवीचं तोंड बांधलं आणि ती बाहेर नेऊन ठेवली. नवे पेकन चिरायला सासू-सून दोघी बसल्या. वळकट्या रात्रीपुरत्या फ्रिजमध्ये गेल्या. टार्टना आता वेळ नव्हता. फक्त बिस्किटं जाणार होती.

सकाळी काकूंनी चकत्या कापल्या, ट्रे भरला आणि वन्संसाठी ओव्हनपाशी खुर्ची आणली. वन्सं लोटलेल्या दारापाशी क्षणभर थांबल्या. "आत येऊ ना?"

"या की. विचारताय काय?"

"इतकी वर्षं बाहेर बसून खाल्लंय. आत कधी बोलावलंस?"

"तुम्ही शेरे मारता म्हणून," काकू म्हणाल्या.

"तेच तर माझं काम होतं," वन्सं म्हणाल्या आणि बसल्या.

पहिला ट्रे आत गेला. काकू समजावत होत्या: आधी लोणी, मग साखर, मग शांतता, मग पेकन. वन्सं डोळे मिटून ताठ बसल्या होत्या, एखादा गुन्हेगार आत शिरणार असल्यासारख्या.

"लोणी आलं का?"

"बिस्किटांचा वास येतोय."

"अहो, कसला बिस्किटांचा? लोण्याचा की साखरेचा?"

"मला काय माहीत? मी काय लोण्याशी ओळख करून घेतली होती? ...थांब. थांब थांब. काढ! करपलं!"

काकूंनी दार उघडलं. चकत्या पांढऱ्याफटक होत्या, अजून घामेजलेल्या. बोट लावलं तर खड्डा पडला.

"साखर तापतेय ती, वन्सं. करपत नाहीये."

"मला वास आला म्हटलं की काहीतरी चुकलंच असं वाटतं," वन्सं ओशाळून म्हणाल्या.

दुसऱ्या ट्रेला त्यांनी इतका धीर धरला की चकत्यांच्या कडा काळ्या झाल्या. सून दारात उभी होती. एवढ्या चकत्या वाया गेलेल्या बघून तिचा जीव खालीवर होत होता. ती पुढे सरकली. "आई, ट्रे मी उचलू?"

"नको," काकू म्हणाल्या. सून थांबली आणि खोक्यांत कागद घालायला बसली.

तिसरा ट्रे. या वेळी काकूंनी वन्संना भांडी घासायला लावली. "ओव्हनकडे बघू नका. त्याची वाट बघू नका. घासत राहा."

वन्सं कुरकुरत घासायला लागल्या. काकू स्टुलावर बसून काचेतून रंग बघत होत्या. पाण्याचा आवाज येत होता. "लोणी," वन्सं म्हणाल्या. थोड्या वेळानं, "साखर." मग पाणी वाहत राहिलं, काही शब्द नाही. काकूंनी पाठमोऱ्या नणंदेकडे बघितलं. कडेला रंग चढत होता, पण डोळ्यांना तो नेहमी उशिरा कळे. आणि वन्संच्या हातातली बशी अचानक थांबली.

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "हा होय?"

काकूंनी ट्रे बाहेर ओढला. चकत्या जाळीवर टाकल्या. निवल्यावर एक मोडली. टचकन आवाज आला. तो सुनेला ऐकू आला, वन्संना ऐकू आला, आणि पुढच्या खोलीतून काका ओरडले, "झकास!" या वेळी त्यांना कुणी खोडून काढलं नाही.

नव्या दुकानात मालकीणबाईंनी पहिल्या खोक्यातलं एक खाल्लं. सावकाश खाल्लं. मग दुसरं घेतलं. मग खोकी काउंटरवर मांडायला सुरुवात केली आणि मांडता मांडता वन्संना विचारलं, "तुम्ही रोज येणार का?"

"रोज कशाला? ती भाजेल तेव्हा."

"म्हणजे रोजच," काकू म्हणाल्या.

काकूंचं नाक पूर्ण परत आलं नाही. कधी साबणाचा अंधुक वास येतो, कधी तोही नाही. वन्सं सकाळी बसनं येतात, पिशवी खुंटीला अडकवतात आणि थेट आत जातात. तळहातावर दाणे चोळायचं काम आता त्यांच्याकडे आहे, आणि पसंत पडले नाहीत तर त्या सरळ सांगतात. सूनही सांगायला शिकली आहे. परवा तिनं मीठ जास्त झाल्याचं सांगितलं, तेव्हा काकूंनी दोन घटका तोंड फुगवलं आणि मग मीठ कमी केलं.

भांडण मात्र नवं सुरू झालंय. वन्सं नाकानं म्हणतात, "काढ." काकू डोळ्यांनी म्हणतात, "अजून रंग नाही आला." एक म्हणते करपेल, दुसरी म्हणते कच्चं राहील. दोघींपैकी कुणी माघार घेत नाही. शेवटी यावर तोडगा निघाला: वन्सं "काढ" म्हणाल्या की अर्ध्या चकत्या उचलायच्या, आणि उरलेल्या काकूंच्या डोळ्यांना पटेपर्यंत आत ठेवायच्या. मालकीणबाईंनी काउंटरवर दोन बरण्या ठेवल्या आहेत, एक फिकी आणि एक गडद. कुठली जास्त खपते असं विचारलं तर त्या सांगत नाहीत. त्यांना रोज या दोघींशीही बोलायचं असतं.